चुन्याखालचं नाव

आमच्या एकोडी गावात लग्न ठरलं की दाराच्या उजव्या अंगाची भिंत चुन्याने पांढरी करतात आणि पेंटर येऊन तिच्यावर नवरा-नवरीची नावं लिहितो. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे ठळक 'शुभविवाह' आणि खाली दोन ओळींत दोन नावं. लग्न होतं, मांडव सुटतो, पाहुणे जातात, पण भिंत तशीच राहते. दिवाळीला घर रंगवताना तेवढा तुकडा सोडून ब्रश फिरवतात. नावं आपल्या चालीने फिकी होत जातात, नाही तर घरात पुढचं लग्न निघतं तेव्हा चुन्याखाली जातात. मधेच त्यांच्यावर कोणी हात फिरवत नाही.

आमच्या भिंतीवर माझ्या मुलाचं नाव होतं आणि त्याच्या खाली सुनेचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मुलगा गेला. तो लाखनीला टायरच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी मोटरसायकलने घरी येताना हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळला. ट्रकच्या मागे दिवा नव्हता. याच्याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही, मला लिहिता येत नाही.

सून आमच्याजवळच राहिली. तिचे आईवडील नाहीत. भाऊ न्यायला आला होता, ती गेली नाही. मी तिला राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ती घरात होती म्हणून मी सकाळी उठत होते. ती चूल पेटवायची, मी चहा प्यायचे, आणि दिवस सुरू व्हायचा. आमच्यात बोलणं कमी होतं. माझा स्वभाव मुळातच तिखट. दुःखाने माणसं मऊ होतात म्हणतात, मी काही झाले नाही.

आमची ती भिंत पश्चिमेची आहे. दुपारचं ऊन सरळ तिच्यावर येतं. तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात नावं इतकी फिकी झाली की अनोळखी माणसाला वाचता आली नसती. मला मात्र ती डोळे मिटून दिसायची, आणि म्हणूनच उघड्या डोळ्यांना दिसेनाशी होत होती ते सहन होईना.

मी अंगणवाडीत सेविका म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. तक्ते, फलक, भिंतीवरची बाराखडी, सगळं माझ्या हातचं. पर्यवेक्षिका आल्या की दुसऱ्या सेविकांना माझा फळा दाखवायच्या. तेव्हा अक्षराचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. दाराच्या चौकटीला लावून उरलेला लाल ऑइल पेंट घरात होता. एका दुपारी घरात कोणी नसताना मी तो डबा उघडला आणि मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवायला घेतलं.

खडू बोटांचं ऐकतो, ब्रश ऐकत नाही. उभी रेघ खाली येता येता पोट सुटल्यासारखी झाली, गोलाई भरून गेली, आणि रंगाचे ओघळ थेट सुनेच्या नावापर्यंत आले. मी फडक्याने पुसायला गेले तर आणखी फासलं. एका अक्षरावर थांबले. चार-दोन दिवसांनी सकाळी झाडताना पाहिलं तर ते अक्षर पापुद्र्यासकट निघून खाली धुळीत पालथं पडलं होतं. चुन्यावर ऑइल पेंट धरत नाही, वाळला की चुन्याला घेऊन सुटतो, हे गावातल्या कुठल्याही पेंटरने सांगितलं असतं. मी कोणाला विचारलं नव्हतं. भिंतीवर माझ्या मुलाचं नाव आता पहिल्या अक्षरावाचून उरलं होतं. मी तिथेच झाडणी टाकून बसले आणि जे तेरवीला आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

ज्या पेंटरने ही भिंत लिहिली होती तो लाखनीला हायवेच्या कडेला बसतो. फ्लेक्स आल्यापासून त्याचं भिंतींचं काम जवळजवळ संपलं. आता तो ट्रकांवर नंबर, मालकाचं नाव, मागच्या फळीवर दोन ओळी असलं काही लिहितो. साकोलीला गाडी बदलून मी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, काकू, मी येऊन लिहून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हटलं, तू एकदा लिहून देशील, ते पुन्हा फिकं होईल, पुन्हा तुझ्या पाया पडायला यायचं का? मी आहे तोवर ते नाव मला उजळता आलं पाहिजे. मला शिकव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ट्रक चालवायला मागितला होता. पण माझा मुलगा त्याच्या शेजारच्याच दुकानात होता. तो नाही म्हणू शकला नाही.

त्याने मला रंगाला हात लावू दिला नाही. खारीच्या केसांचा एक जुना ब्रश दिला, डब्यात पाणी दिलं आणि त्याच्या टपरीच्या मागची काळी फरशी दाखवली. तिच्यावर नुसत्या उभ्या रेघा ओढायच्या. वरून खाली, एका दमात, वर जेवढी जाड तेवढीच खाली. ऊन कडक असलं की पहिली रेघ वाळेपर्यंत पाचवी-सहावी ओढून होई, आणि मग सगळ्या मिळून नाहीशा होत. मी विचारलं, अक्षरं कधी? तो म्हणाला, अजून नाही. मी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी जायचे आणि दर वेळी हेच विचारायचे. त्यालाही माझा कंटाळा आला असणार.

त्याने एकदाच जरा सविस्तर सांगितलं. ट्रकवर काम करता करता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काकू, तुमी लिवून राहिल्या. हे लिवणं नाही, ओढणं हाये. बोटं नोका हालवू, खांद्यातून हात येऊ द्या."

मला राग आला. इतकी वर्षं लिहीत आलेल्या बाईला हा सांगणार लिहू नका म्हणून. पण घरी येताना एसटीत आठवलं ते माहेर. माझं माहेर पवनीचं, विणकरांचं. लहानपणी मी कांड्या भरायचे, म्हणजे मागात सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यासाठी बारक्या नळीवर सूत गुंडाळायचे. तिथेही असंच होतं. सूत बोटांनी ओढलं की तुटायचं; हात सैल सोडून त्याला येऊ दिलं की सरळ यायचं. आई म्हणायची, धाग्याशी भांडू नको. मी तेव्हाही भांडायचे. एवढी म्हातारी होत आले तरी तेच चाललं होतं.

मग मी घरी अंगणातल्या सिमेंटच्या ओट्यावर पाण्याने सराव सुरू केला. दुपारची भांडी झाली की ओट्यावर बसायचं आणि ओढायचं. रेघा साधल्या, मग न-म यांच्यातल्या गाठी, मग गोलाया. ब्रश सपाट धरून त्याचा कोन बदलू द्यायचा नाही, म्हणजे आडवं बारीक येतं आणि उभं जाड. गोलाईत शिरताना ब्रश दोन बोटांत हळूच फिरवायचा. डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकायचं, म्हणजे थरथर जाते. आणि शिरोरेघ शेवटी. मी ती आधी मारायचे आणि अक्षरं तिला टांगत जायचे, कारण फळ्यावर माझ्या हाताला तीच सवय होती. पेंटर आधी अक्षरं उभी करतो, त्यांच्यातली जागा डोळ्याने भरून घेतो आणि मग वरून एकच रेघ ओढतो. आधी रेघ मारली की शेवटच्या अक्षराला जागा उरत नाही. माझ्या ओट्यावर कितीतरी नावं अशी शेवटी चेंगरली.

नावं म्हणजे एकच नाव. मी दुसरं काही लिहीतच नव्हते. मुलाचं नाव ओट्यावर पाण्याने उमटायचं आणि मी दुसऱ्यांदा ब्रश बुडवेपर्यंत पहिल्या अक्षरापासून उडत जायचं. सुरुवातीला ते बघवायचं नाही. मग सवय झाली. खोटं वाटेल, पण त्या महिन्यांत मला जरा बरं वाटत होतं, कारण रोज काही वेळ माझा हात त्याच्या नावावरून जात होता. सून ओसरीत तांदूळ निवडत बसायची. ती कधी बघायला आली नाही. मला वाटलं, तिला यातलं काही कळत नाही.

एका बाजाराच्या दिवशी पेंटर म्हणाला, आता रंग घ्या. एक ट्रक उभा होता. त्याच्या मागच्या फळीवर त्याने खडूने अक्षरं आखून ठेवली होती, मला ती पिवळ्याने भरायला सांगितली. मी ब्रश घेऊन ट्रकच्या मागे उभी राहिले. ती फळी माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर नेमकी तीच येईल, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. माझा हात उठलाच नाही. रंग ब्रशवरून माझ्या चपलेवर ठिबकला. पेंटरने पाहिलं, आणि त्याच्याही लक्षात आलं. त्याने माझ्या हातातून ब्रश घेतला, मला टपरीत बसवलं, पाणी दिलं. तो माफीही मागत नव्हता आणि समजूतही घालत नव्हता, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. थोड्या वेळाने त्याने एक पत्रा आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, यावर करा. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातून रंगाचं एक धड अक्षर आलं.

दिवाळीच्या आधी मी तयार झाले. पेंटरने चुन्यावर चालणारा पुडीचा रंग आणि डिंक कसा कालवायचा ते दाखवलं. सुटलेला पापुद्रा खरवडून त्या जागी मी ताजा चुना लावला. सकाळी लवकर, भिंतीवर ऊन यायच्या आत, काम सुरू करायचं होतं. ओळ सरळ यावी म्हणून दोरीला नीळ लावून ती भिंतीवर ताणतात आणि मधे चिमटीत धरून सोडतात. एकट्याने होत नाही, दुसरं टोक धरायला कोणी तरी लागतं. मी सुनेला हाक मारली.

ती आली. तिने टोक धरलं. पहिली ओळ मुलाच्या नावाची, तिची दोरी सोडली, निळी रेघ उमटली. दुसरी ओळ तिच्या नावाची. मी दोरी ताणली, पण पलीकडून ताण येईना. बघितलं तर तिने टोक हातात नुसतं धरून ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "त्याइचं लिवा. माझं नोका लिवू."

मी विचारलं, काहून?

"माझं जसं जाऊन राहिलं तसं जाऊ द्या."

एवढं म्हणून तिने टोक खाली ठेवलं आणि आत गेली. मी कालवलेल्या रंगासमोर उभी राहिले. मला भयंकर राग आला. वाटलं, तिला त्याच्या शेजारी राहायचं नाही. वाटलं, तीन वर्षांतच? जे जे वाईट मनात यायचं ते सगळं आलं. रंग मी मोरीत ओतून दिला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

माझा नवरा बोलत नाही, पण बघतो सगळं. तिसऱ्या दिवशी बांधावरून आला, पाय धुतले आणि पायरीवर बसून म्हणाला, "तिले कोंढ्याहून मागणं आलं हाये. भावानं आणलं. माणूस चांगला हाये. ती तुह्या भिंतीकडं पाहून गप हाये."

तुह्या भिंतीकडं. 'आपल्या' भिंतीकडं असं तो म्हणाला नाही.

मी ओट्यावर जाऊन बसले. इतके महिने मी एक नाव उजळायला शिकत होते, आणि भिंतीवर नावं दोन होती. दुसऱ्या नावाची मुलगी माझ्यासमोर तांदूळ निवडत बसायची, आणि मला वाटायचं तिला यातलं काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. मी ती दोन नावं ठळक केली असती तर ती घरातून उठून कुठेच गेली नसती. मला काय हवं होतं, असं मी स्वतःला विचारलं. मला ती हवी होती. माझा मुलगा परत येणार नाही, निदान ही राहावी, असं हवं होतं. हे कळल्यावर मला माझी लाज वाटली नाही, फक्त खूप एकटं वाटलं. संध्याकाळी मी तिला जवळ बसवून विचारलं, तुला तो माणूस पसंत आहे का? तिने मान खाली घालून होय म्हटलं.

त्या माणसाचीही पहिली बायको आजारात गेलेली. बोलणी झाली. मग माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आले. त्यांचा विरोध नव्हता, ते जुनी रीत सांगायला आले होते. विधवेच्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. पाट वाजत-गाजत लावत नाहीत. देवळात पाच माणसं न्यायची, हार घालायचे, तिथूनच तिला पाठवायचं. मांडव नाही, भिंतीवर नाव नाही. पाटाचं नाव भिंतीवर कोणी लिहीत नसतं, आणि 'सौ. कां.' तर नाहीच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

भासऱ्यांच्या समोर आम्ही बायका बोलत नाही. मी डोक्यावर पदर ओढला आणि बोलले. "तिचं नाव माह्या लेकाजवळ लिवून हाये. ते न पुसता तिले दुसऱ्याच्या घरी कशी धाडू? आणि पुसलं, तर कोऱ्या भिंतीच्या घरातून धाडू काय?"

ते उठून चपला पायात सरकवू लागले. मग म्हणाले, तुझं घर, तू बघ. माझ्या नवऱ्याने लगेच उठून चुना भिजत घातला.

चुना मीच मारला. नवरा मारतो म्हणाला, मी ब्रश दिला नाही. ज्यांनी चुना मारला आहे त्यांना माहीत आहे, ओला असताना तो झाकत नाही. पहिला हात फिरला तशी भिंत भिजली आणि कित्येक दिवसांत दिसली नव्हती इतकी स्वच्छ दोन नावं वर आली. माझ्या मुलाचं, पहिल्या अक्षरावाचून. तिचं, पूर्ण. मी ब्रश खाली ठेवून तिथेच पायरीवर बसले. ऊन वर चढलं तसा चुना वाळत गेला, पांढरा होत गेला. कडेकडून सुरू झालं आणि मधे सगळ्यात शेवटी. ओट्यावर पाणी उडताना जे रोज बघत होते, तेच. तेव्हा वाटलं, तो सराव मी याच्यासाठी केला होता. दुसरा हात मारला तेव्हा काही दिसलं नाही.

लग्नाच्या आधी पेंटर आला. मी लिहितो म्हणाला, मी नको म्हटलं. त्याने आग्रह केला नाही, फक्त वरचा गणपती काढून दिला, कारण माझ्या हाताला सोंड जमत नाही. दोरीचं दुसरं टोक नवऱ्याने धरलं. 'शुभविवाह' मी लिहिलं. मग 'चि. सौ. कां.' हे तीन अक्षरांचं काम मी इतकं सावकाश केलं की पेंटर मधे चहा पिऊन आला. मग तिचं नाव, आधी होतं त्याच जागी, वरची ओळ कोरी ठेवून. ते मी कधी सरावात लिहिलं नव्हतं, एकदाही नाही. तरी ते एका दमात आलं, वर जेवढं जाड तेवढंच खाली, आणि शेवटच्या अक्षराला पुरेशी जागा उरली. वरून शिरोरेघ ओढली. मग त्या कोंढ्याच्या माणसाचं नाव लिहिलं. ते थोडं वाकडं आलं. हात तयार नव्हता, मी काय करू. पेंटर म्हणाला, चालते काकू, वरातीत कोणी मोजत नाही.

मांडव पडला. भासरे फेटा बांधून आले आणि पुढेच बसले. रीतीबद्दल एक शब्द त्यांनी काढला नाही.

पाठवणीच्या वेळी ती माझ्या नवऱ्याच्या पाया पडून झाल्यावर माझ्याकडे न येता भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. ती वाचत होती. तीन वर्षांत मी तिला त्या भिंतीकडे बघताना पाहिलं नव्हतं. मी मागे जाऊन उभी राहिले. तिने चुन्यावर तळहात टेकला, तिच्या नावाच्या वर, जिथे आता काही लिहिलेलं नव्हतं तिथे.

"आई, याच्या खाली ते हायेत ना?"

"हाये," मी म्हटलं. "तिथंच हाये."

"मंग येतो मी."

सासरी जाणारी मुलगी माहेरी असंच म्हणते, जातो म्हणत नाही. पुढच्या दिवाळीला ती आली.